नियमात बसणारी उधळपट्टी: सरकारी खर्चातील अपव्यय नेमका कुठे शोधावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: सरकारी अधिकारी करदात्यांचा पैसा वाया घालवतात हे सर्वांना दिसते, लेखापरीक्षणही दरवर्षी होते, तरीही हा अपव्यय थांबत का नाही, आणि सामान्य नागरिकाला तो ओळखायचा असेल तर त्याने नेमके कुठे पाहावे? माझी नोकरी सरकारी खर्चाच्या लेखापरीक्षणात गेली असल्यामुळे त्या टेबलावरून जे दिसते त्याच्या आधारे मी उत्तर देतो. भ्रष्टाचार हा याच्याशी निगडित, पण वेगळा विषय आहे. त्याला गरजेपुरताच स्पर्श करीन.

वाया जाणाऱ्या पैशाचा मोठा भाग असा असतो, की ज्यात कोणाच्याही खिशात काही गेलेले नसते, बहुतेक वेळा एकही नियम मोडलेला नसतो आणि फाइल तर इतकी नीटनेटकी असते की नवख्या लेखापरीक्षकाला बोट ठेवायला जागा सापडत नाही. अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या संस्थेने आपल्या लेखापरीक्षण मानकांत अपव्ययाची जी व्याख्या केली आहे, ती याच अनुभवाशी जुळणारी आहे. साधने निष्काळजीपणे, उधळेपणाने किंवा काही प्रयोजन नसताना वापरणे म्हणजे अपव्यय, आणि त्यासाठी कायद्याचा भंग झालेला असणे आवश्यक नाही, असे ती मानके सांगतात. भारताच्या सामान्य वित्तीय नियमांतील २१ वा नियम हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने मांडतो. स्वतःचा पैसा खर्च करताना सर्वसाधारण समंजस माणूस जितकी दक्षता घेतो तितकीच सरकारी पैसा खर्च करताना प्रत्येक अधिकाऱ्याने घ्यावी, आणि प्रसंगाला लागेल त्याहून अधिक खर्च सकृद्दर्शनी होऊ नये, अशी त्याची अपेक्षा आहे. अपेक्षा रास्त आहे, पण तिच्यात मोजपट्टी नाही. त्यामुळे ती मोडली हे सिद्ध करणे, निविदा भरायला एक दिवस कमी दिला हे सिद्ध करण्यापेक्षा कितीतरी अवघड जाते.

या बाबतीत माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा इटलीतला आहे. तेथे कॉन्सिप नावाच्या राष्ट्रीय खरेदी संस्थेने २००० सालापासून कागद, संगणक, इंधन अशा ठरावीक वस्तूंचे दर पुरवठादारांशी करार करून आधीच निश्चित करायला सुरुवात केली. सरकारी संस्थांनी वाटल्यास त्या करारातून माल घ्यावा, नाहीतर स्वतः बाजारात जावे. बांदिएरा, प्राट आणि वालेत्ती या अर्थशास्त्रज्ञांनी या खरेदीचा अभ्यास करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच प्रतीच्या वस्तूसाठी काही संस्था सातत्याने इतरांपेक्षा जास्त दर देत होत्या, आणि केंद्रीय खाती निमस्वायत्त संस्थांपेक्षा किमान २२ टक्के जास्त मोजत होती. आता जास्त दर देणारा अधिकारी पैसे खातो आहे की निव्वळ ढिला आहे, हे बाहेरून कसे ओळखायचे? त्यांनी लावलेली कसोटी साधी होती. ज्याला पुरवठादाराकडून काही मिळते तो असा आयता करार टाळणार, कारण त्यात त्याचे काहीच उरत नाही. ज्याला दर शोधण्याची उसंत, माहिती किंवा कुवत नाही तो मात्र करार हाती येताच त्याचा आधार घेणार. प्रत्यक्षात महाग खरेदी करणाऱ्या संस्थाच या कराराकडे अधिक वळल्या. एकूण अपव्ययापैकी ८३ टक्के भाग असा निघाला, की ज्यातून निर्णय घेणाऱ्याला स्वतःला काहीच लाभ नव्हता. हा आकडा एका देशाचा आणि ठरावीक वस्तूंचा आहे. तो रस्ते, धरणे किंवा शस्त्रास्त्रे यांच्या खरेदीला जसाच्या तसा लावू नये. तरीही अपव्यय म्हटले की चोर शोधायला निघण्याच्या आपल्या सवयीला तो चांगला धक्का देतो.

लोकांच्या संतापाचा विषय मात्र निराळाच असतो. अमेरिकेतील जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या खात्याने ऑक्टोबर २०१० मध्ये लास व्हेगासजवळ सुमारे ३०० कर्मचाऱ्यांची परिषद भरवली आणि तिच्यावर ८ लाख डॉलरहून अधिक खर्च केला. त्यात मन ओळखून दाखवणाऱ्या एका कलाकाराचे मानधन होते, आणि नुसत्या पूर्वतयारीच्या दौऱ्यांवरच १ लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम गेली होती. खात्याच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या महानिरीक्षकांचा अहवाल एप्रिल २०१२ मध्ये बाहेर येताच खात्याच्या प्रमुख मार्था जॉन्सन यांनी राजीनामा दिला. खर्च असमर्थनीय होता यात वाद नाही, आणि इतर कार्यालयांना काटकसरीने खरेदी करायला शिकवणे हेच या खात्याचे काम असल्यामुळे त्याची बोच अधिक होती. पण त्या वर्षीचा संघीय खर्च ३ लाख कोटी डॉलरहून अधिक होता, हेही समोर ठेवले पाहिजे.

पुढे जे झाले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. मे २०१२ मध्ये सर्व खात्यांना आदेश गेले: १ लाख डॉलरहून अधिक खर्चाच्या परिषदेला अतिवरिष्ठ पातळीवरची मंजुरी हवी, ५ लाखांहून अधिक खर्चाची परिषद अपवादानेच, आणि प्रवासखर्चात मोठी कपात. यातून खर्च खरोखर घटला. मात्र संरक्षण आणि ऊर्जा खात्यांतील शास्त्रज्ञांचा परिषदांमधील सहभागही घटला, आणि मंजुरी वेळेवर मिळत नसल्याची नोंद वर उल्लेख केलेल्या अकाउंटेबिलिटी ऑफिसलाच २०१५ मध्ये करावी लागली. प्रत्येक घोटाळ्यानंतर एक परिपत्रक निघते, प्रत्येक परिपत्रकाबरोबर फाइलवर आणखी एक सही वाढते, आणि त्या सहीसाठी लागणारा वेळ व मनुष्यबळ यांचा हिशेब कोणत्याही लेखाशीर्षाखाली दिसत नाही. दहा हजारांची खरेदी रोखण्यासाठी पंधरा हजारांचे मनुष्यतास घालवणारी कार्यालये दुर्मीळ नाहीत.

थट्टेने अपव्यय उघडा पाडण्याच्या पद्धतीबद्दलही सावध राहावे लागते. अमेरिकी सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी १९७५ ते १९८८ या काळात सरकारी उधळपट्टीसाठी ‘गोल्डन फ्लीस’ नावाचा उपहासात्मक पुरस्कार चालवला आणि त्यातून काही खरोखर निरर्थक खर्च उजेडात आले. पण माकडांच्या आक्रमक वर्तनावर संशोधन करणाऱ्या हचिन्सन या शास्त्रज्ञाच्या कामालाही त्यांनी ‘पुरस्कार’ दिला. तो कोर्टात गेला, १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिनेटरना संसदीय संरक्षणाचा आडोसा नाकारला आणि पुढे त्यांना तडजोड करून माफी मागावी लागली. एखाद्या कामाचे नाव ऐकून हसू येते म्हणून तो खर्च वाया जात नाही, आणि ‘पायाभूत सुविधा सक्षमीकरण’ असे भारदस्त नाव दिले म्हणून तो सत्कारणीही लागत नाही.

आता ज्या ठिकाणी पैसा खरोखर मोठ्या प्रमाणात झिरपतो तिकडे वळतो. त्यांपैकी वर्षअखेरचा खर्च मी सर्वांत जवळून पाहिला आहे. मंजूर निधी आर्थिक वर्ष संपण्याआधी खर्च झाला नाही तर तो व्यपगत होतो, म्हणजे परत जातो. एवढ्यावर थांबत नाही. निधी परत गेला की ‘यांना एवढ्याची गरजच नव्हती’ असा निष्कर्ष निघून पुढच्या वर्षीच्या तरतुदीला कात्री लागते. काटकसर करणाऱ्या अधिकाऱ्याला व्यवस्था शाबासकी देत नाही, उलट शिक्षा देते. अशा वेळी शेवटच्या आठवड्यात जे मिळेल ते विकत घेणे हा त्याच्या जागेवरून पाहिले तर अगदी शहाणपणाचा निर्णय असतो. लीबमन आणि महोनी यांनी अमेरिकेच्या २००४ ते २००९ या काळातील संघीय खरेदीचा अभ्यास केला तेव्हा आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातील खरेदी इतर आठवड्यांच्या सरासरीच्या ४.९ पट आढळली. गर्दी हा स्वतःमध्ये दोष नाही, काही कामे स्वाभाविकपणे शेवटी पूर्ण होतात. पण माहिती तंत्रज्ञानाचे जे प्रकल्प या शेवटच्या आठवड्यात मार्गी लावले गेले, त्यांचा दर्जाही इतरांपेक्षा स्पष्टपणे खालावलेला होता.

फाइलमध्ये हे कसे दिसते ते सांगतो. खरेदीची फाइल हाती आली की मी रकमेआधी तारखा पाहतो. मागणीपत्र, प्रशासकीय मान्यता, दरपत्रके, पुरवठा आदेश, चलन, साठा नोंदवहीतील नोंद आणि देयक ही साखळी साधारणपणे काही महिन्यांत पुरी होते. एका कार्यालयाच्या फाइलमध्ये हे सगळे वर्षाच्या शेवटच्या काही दिवसांत उरकले होते. तीन पुरवठादारांची तीन दरपत्रके जोडलेली होती, तिन्हींची अक्षरजुळणी वेगळी होती, पण एका तांत्रिक शब्दातली चूक तिन्हींमध्ये एकच होती. देयकावर ‘वस्तू सुस्थितीत मिळाल्या, तपासून घेतल्या, साठ्यात नोंद घेतली’ असा ठरलेला शिक्का आणि सही होती. प्रत्यक्ष पडताळणीसाठी भांडारात गेलो तेव्हा खोकी रचून ठेवलेली होती आणि त्यांवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्याही कापलेल्या नव्हत्या. उपकरणे बसवण्याची खोली तेव्हा बांधूनही झाली नव्हती. हमीचा कालावधी पुरवठ्याच्या तारखेपासून मोजायचा असल्यामुळे तो भांडारातच संपला, आणि पुढे उपकरणे जोडल्यावर निघालेल्या बिघाडांची दुरुस्ती पुन्हा सरकारी खर्चाने करावी लागली. दर बाजारभावाच्या जवळपास होते. चोरी झाल्याचा पुरावा नव्हता. तपासणीचे खोटे प्रमाणपत्र दिल्याचा आक्षेप आम्ही घेतला, पण खरी हानी त्या सहीमुळे झालेली नव्हती. ती झाली होती खोली नसताना उपकरण मागवण्याच्या निर्णयामुळे, आणि त्या निर्णयाला मंजुरी देताना सक्षम अधिकाऱ्याने आपल्या अधिकाराच्या मर्यादेत राहूनच सही केली होती.

वर्षअखेरीच्या या ओघाला बांध घालण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मनाईचा. भारताच्या सामान्य वित्तीय नियमांनी खर्चाची घाई, विशेषतः वर्षाच्या अखेरच्या महिन्यांतील, ही वित्तीय औचित्याचा भंग मानली आहे, आणि केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या निर्देशांनुसार शेवटच्या तिमाहीत तरतुदीच्या ३३ टक्के आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्के अशी कमाल मर्यादा ठेवलेली आहे. मनाईला पळवाटा फुटतात. पैसे तिजोरीतून काढून ठेव खात्यात किंवा स्वीय प्रपंजी खात्यात (अधिकाऱ्याच्या पदनावाने उघडलेल्या खात्यात) नेऊन ठेवले, की कागदोपत्री ते खर्च झाले, प्रत्यक्षात मात्र तसेच पडून आहेत. दुसरा मार्ग उरलेला निधी मर्यादित प्रमाणात पुढे नेऊ देण्याचा. स्वीडनमध्ये सरकारी संस्थांना प्रशासकीय तरतुदीपैकी साधारण ३ टक्के रक्कम पुढच्या वर्षात नेता येते. अमेरिकेत न्याय खात्याला न वापरलेला निधी माहिती तंत्रज्ञानासाठी पुढे नेण्याची विशेष मुभा आहे, आणि वर उल्लेख केलेल्या अभ्यासात नेमक्या याच खात्यात वर्षअखेरीच्या प्रकल्पांचा दर्जा घसरलेला दिसला नाही. अर्थखात्यांना हा मार्ग आवडत नाही, कारण शिल्लक रकमेवर त्यांचा ताबा राहत नाही. माझे मत या दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. अधिकाऱ्याला वाचवलेल्या पैशाचा काही भाग स्वतःच्याच कार्यालयासाठी वापरता येणार असेल, तर मार्चची मर्यादा त्याला शिकवावी लागत नाही.

मोठ्या प्रकल्पांमध्ये अपव्ययाचे बीज अंदाजपत्रकातच असते. फ्लिव्हबर्ग आणि सहकाऱ्यांनी २० देशांतील २५८ वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. दहापैकी नऊ प्रकल्पांत खर्च कमी धरलेला होता. प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा रेल्वे प्रकल्पांत सरासरी ४५ टक्के, पूल व बोगद्यांत ३४ टक्के आणि रस्त्यांत २० टक्के जास्त निघाला. अंदाज चुकणे ही निव्वळ माणसाची मर्यादा असती तर काही अंदाज वर आणि काही खाली चुकले असते, आणि अभ्यासात आलेल्या सत्तर वर्षांच्या काळात अभियंते त्यातून काही शिकलेही असते. तसे झाले नाही. मंजुरी मिळण्यासाठी खर्च कमी आणि वापर जास्त दाखवावा लागतो, हे प्रस्ताव तयार करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. एकदा काम सुरू झाले की सुधारित प्रशासकीय मान्यता मिळतेच, हेही ठाऊक असते.

मग येतो अर्धवट कामात पैसे ओतत राहण्याचा टप्पा. बर्लिनच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन जून २०१२ मध्ये ठरले होते, निमंत्रणे गेली होती, आणि अवघे काही आठवडे उरले असताना अग्निसुरक्षा व धूर बाहेर काढण्याची यंत्रणा सदोष असल्याने ते रद्द करावे लागले. विमानतळ प्रत्यक्ष सुरू झाला ३१ ऑक्टोबर २०२० रोजी. ब्रिटनच्या आरोग्य सेवेतील संगणकीकरणाचा २००२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम तर अब्जावधी पौंड खर्चून २०११ मध्ये गुंडाळला गेला. गुंडाळला गेला म्हणून त्याची नाचक्की झाली, पण माझ्या दृष्टीने तो निर्णय उशिरा का होईना घेतला गेला ही जमेची बाजू होती. आजवर किती खर्च झाला हा आकडा पुढच्या निर्णयात गैरलागू असतो. इथून पुढे किती लागेल आणि त्यातून काय मिळेल एवढेच पाहायचे असते. असे लिहिणारी टिप्पणी फाइलवर चढवणे मात्र फार कठीण, कारण थांबवणारा अधिकारी ‘निष्फळ खर्चा’ला जबाबदार ठरतो आणि चालू ठेवणारा बदली होईपर्यंत सुरक्षित राहतो.

याला उतारा म्हणून जे काही देशांनी केले आहे त्यात एक समान सूत्र दिसते: ज्या खात्याला प्रकल्प हवा आहे, त्याच्याकडे त्याची शहानिशा सोपवायची नाही. दक्षिण कोरियात १९९४ ते १९९८ या काळात केलेल्या ३३ व्यवहार्यता अभ्यासांत अवघा एक प्रकल्प अव्यवहार्य ठरला होता. १९९९ पासून ५,००० कोटी वॉन आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांचा प्राथमिक अभ्यास सरकारी संशोधन संस्थेकडे गेला, आणि बरेच प्रस्ताव उंबरठ्यावरच अडले. नॉर्वेमध्ये २००० पासून मोठ्या प्रकल्पांचे अंदाज संसदेपुढे जाण्याआधी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासले जातात. दोन्ही ठिकाणी ही तपासणी पैसा खर्च होण्याआधीची आहे. आमचे लेखापरीक्षण बहुतेक वेळा पैसा गेल्यानंतर, आणि कित्येकदा अधिकारी निवृत्त झाल्यानंतर पोहोचते.

रोजच्या कारभारातील आणखी एक मुद्दा, ज्याकडे अर्थसंकल्पावरच्या चर्चेत क्वचितच लक्ष जाते, तो देखभालीचा. इमारत बांधणे, यंत्र घेणे यासाठी भांडवली निधी मिळतो, त्याचे भूमिपूजन होते, कोनशिला बसते. ते चालवायला लागणारा तंत्रज्ञ, वीज, सुटे भाग, वार्षिक देखभाल करार यांचा निधी वेगळ्या लेखाशीर्षातून येतो आणि आर्थिक ओढाताण आली की पहिली कात्री त्यालाच लागते. त्यामुळे वीजजोडणीची वाट पाहणाऱ्या इमारती आणि तंत्रज्ञाविना झाकून ठेवलेली यंत्रे सर्वत्र सापडतात. लेखापरीक्षणाच्या भाषेत ही ‘निष्क्रिय गुंतवणूक’. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर पुढील दहा वर्षांचा चालवण्याचा खर्च लिहिणे सक्तीचे केले तर यातले बरेच टळेल, असे मला वाटते.

मग दोष कोणाचा? अधिकाऱ्याच्या समोरचे गणित पाहा. कार्यपद्धतीतून तो इंचभर सरकला तर चौकशी लागू शकते. कार्यपद्धती पाळून दुप्पट खर्च केला तर कोणी विचारत नाही. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणाऱ्याला पुढे वस्तू टाकाऊ निघाली तरी धक्का लागत नाही, पण थोड्या जास्त दराची टिकाऊ वस्तू घेणाऱ्याला आयुष्यभर खुलासे करावे लागतात. मंजुरीची मर्यादा चुकवण्यासाठी एका खरेदीचे तुकडे पाडणे ही मात्र जाणूनबुजून केलेली गोष्ट असते आणि तिला मी माफी देणार नाही. लेखापरीक्षण यंत्रणांचाही या वातावरणात वाटा आहे. सहीची तारीख, निविदेची मुदत, मंजुरीची मर्यादा यांवर आक्षेप घेणे सोपे असते, कारण त्याचा पुरावा फाइलमध्येच असतो. खर्चातून अपेक्षित फळ मिळाले का हे तपासायला बाहेर पडावे लागते, क्षेत्र समजून घ्यावे लागते आणि निष्कर्षावर वाद ओढवून घ्यावा लागतो. सर्वोच्च लेखापरीक्षण संस्थांच्या १९७७ च्या लिमा जाहीरनाम्याने कायदेशीरपणाबरोबर काटकसर, कार्यक्षमता आणि परिणामकारकता यांची तपासणीही तितकीच महत्त्वाची मानली. कागदावर ते सर्वत्र मान्य आहे, आक्षेपांच्या गठ्ठ्यांत ते प्रमाण अजून उतरलेले नाही.

नागरिकाने पाहायचे असेल तर एकूण रकमेच्या मागे लागू नये; कोटींचा आकडा स्वतःहून काहीच सांगत नाही. एकक दर मागावा: एका चौरस मीटरचा, एका दिव्याचा, एका किलोमीटरचा. तीच वस्तू त्याच सुमारास दुसऱ्या कार्यालयाने कितीला घेतली हे शेजारी ठेवले, की अर्धे काम होते. त्यानंतर मागणीपत्राची, पुरवठ्याची आणि प्रत्यक्ष वापर सुरू झाल्याची अशा तीन तारखा मागाव्यात. उपयोगिता प्रमाणपत्रावर समाधान मानू नये, कारण पैसा ठरलेल्या कामासाठी खर्च झाला एवढेच ते सांगते. यंत्र चालते का हे त्याच्या लॉगबुकमध्ये असते. भारतात माहिती अधिकाराखाली या नोंदींच्या प्रती मागता येतात. काही देशांनी मागण्याची वेळच ठेवलेली नाही: स्लोव्हाकियात २०११ पासून सरकारी करार संकेतस्थळावर प्रसिद्ध झाल्याशिवाय अमलातच येत नाही. ब्राझीलने २००३ मध्ये लेखापरीक्षणासाठी नगरपालिका जाहीर सोडतीने निवडायला सुरुवात केली, आणि पुढील अभ्यासांत आधी तपासणी झालेल्या नगरपालिकांत नंतरचा भ्रष्टाचार सुमारे ८ टक्क्यांनी कमी आढळला. कोणालाच लाभ नसलेल्या, निव्वळ ढिलाईतून होणाऱ्या अपव्ययावर सोडतीचा परिणाम बहुधा याहूनही कमी होईल, कारण ज्याला आपण पैसा वाया घालवतो आहोत हेच जाणवत नाही, त्याला तपासणीची भीती वाटण्याचे कारण नसते.

शेवटी लेखापरीक्षण अहवालाबद्दल. भारतात नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल संसदेत आणि विधिमंडळांत मांडले जातात, ते संकेतस्थळावर खुले असतात आणि लोकलेखा समिती त्यांतील निवडक परिच्छेदांवर सुनावणी घेते. बातम्यांमध्ये फक्त मोठी रक्कम येते. परिच्छेदाच्या तळाशी खात्याने दिलेले उत्तर असते, तिथून वाचायला सुरुवात करावी. ‘वस्तुस्थिती मान्य’ असे उत्तर आले तर पुढच्या अहवालात त्याचे अनुपालन शोधावे. ‘कार्यवाही प्रगतिपथावर आहे’ हे उत्तर तीन वर्षांनी शब्दशः तेच आले, तर कार्यवाही झालेली नाही असे खुशाल समजावे. आणि समितीपुढे साक्षीला उभा राहणारा सचिव बहुधा मूळ निर्णयानंतर कितीतरी बदल्यांनी त्या खुर्चीत आलेला असतो. तो प्रामाणिकपणे सांगतो की हा विषय माझ्या कार्यकाळातला नाही, आणि सुनावणी पुढच्या परिच्छेदाकडे सरकते. म्हणून परिच्छेद लिहिताना नुसते ‘विभागाने खरेदी केली’ असे न लिहिता निर्णय कोणत्या तारखेला झाला, तो कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याने घेतला आणि त्या दिवशी त्याच्यासमोर कोणती कागदपत्रे होती, एवढे नोंदवण्याचा आग्रह मी धरत आलो आहे.